एका वाईट रस्त्याचा इतिहास

फ्रान्सच्या उत्तर टोकास, बेल्जियमच्या सीमेला जवळजवळ टेकून, रुबे नावाचे एक गिरण्यांचे शहर आहे. दरवर्षी एप्रिल महिन्यातील एका रविवारी तिसऱ्या प्रहरी त्या शहरातील सायकलींच्या वर्तुळाकार धावपट्टीवर धुळीने किंवा चिखलाने ओळखू न येण्याइतका माखलेला असा एक मनुष्य सर्वांच्या पुढे येऊन पोहोचतो, आणि थोड्याच वेळाने त्यास बक्षीस म्हणून एक दगड देण्यात येतो. दगड म्हणजे अक्षरशः दगड. रस्त्यात बसविण्याचा, चौकोनी, ओबडधोबड आणि दोन्ही हातांनी उचलावा लागेल इतका जड. जिंकलेला वीर तो डोक्यावर उचलून धरतो, कित्येकदा त्याचे चुंबनही घेतो. ही चाल १९७७ सालापासूनची आहे. दगडास शेंदूर लागला की त्याचा देव होतो, हे आपल्याकडील कोणासही सांगावयास नको. परंतु ज्या दगडाला शंभर वर्षे शिव्याशाप मिळाले त्याच दगडाला पुढे असा शेंदूर कोणी व का लावला, हे पाहणे मनोरंजक आहे, आणि केवळ मनोरंजकच आहे असेही नाही.

ही शर्यत म्हणजे पॅरिस–रुबे. एका दिवशी सुरू होऊन त्याच दिवशी संपणाऱ्या ज्या मोजक्या जुन्या शर्यतींस युरोपात ‘क्लासिक’ म्हणतात, त्यांची ही राणी मानली जाते. आपल्याकडे मुंबई–पुणे सायकल शर्यतीत कस लागतो तो घाटात, आणि ‘घाटांचा राजा’ हा किताबही त्यामुळेच मोठा. रुबेच्या वाटेवर घाट नाही, डोंगर नाही. सारा मुलूख बिटाच्या शेतांचा आणि सपाट. तिथे परीक्षा घेतो तो खुद्द रस्ता.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रुबे हे आठ-दहा हजार वस्तीचे गाव होते. शतक संपता संपता लोकरीच्या गिरण्यांनी त्याची वस्ती सव्वा लाखाच्या घरात नेली. हजार धुराड्यांचे शहर असे त्याला लोक म्हणत. जिथे धुराडी तिथे चाळी, जिथे चाळी तिथे संप. हा क्रम मुंबईच्या गिरणगावाने पाहिलेला आहे, तसाच तो रुबेनेही पाहिला. १८९२ साली त्या शहराची नगरपालिका समाजवाद्यांच्या हाती गेली आणि पुढच्याच वर्षी झ्यूल गेद हा मार्क्सचा कट्टर अनुयायी रुबेच्या वतीने फ्रान्सच्या लोकसभेत जाऊन बसला. अशा शहरात १८९५ च्या जूनमध्ये तेओदोर व्हियेन आणि मोरिस पेरेझ या दोघा कापड-कारखानदारांनी सायकलींच्या शर्यतींसाठी एक व्हेलोड्रोम उघडले. सायकल त्या वेळी नवी होती, तिचे वेड विलक्षण होते, आणि तिकिटे खपत होती. तरीही रुबे म्हणजे आडगाव. पॅरिसच्या लोकांनी त्याकडे पाहावे कशासाठी?

यावर या दोघांनी काढलेली युक्ती व्यापाऱ्याच्या डोक्यास शोभेशीच होती. १८९६ च्या फेब्रुवारीत त्यांनी पॅरिसच्या ‘ल व्हेलो’ या क्रीडापत्राचा संपादक लुई मिनार यास पत्र लिहिले. बोर्दो ते पॅरिस ही लांब पल्ल्याची शर्यत १८९१ पासून चालू होती आणि तिचा बोलबाला मोठा होता. तिच्या आधी चार आठवडे, सरावादाखल म्हणून, पॅरिसहून निघून रुबेच्या आमच्या धावपट्टीवर संपणारी एक शर्यत ठेवावी. अंतर २८० किलोमीटरांचे, म्हणजे बोर्दोच्या वीरांना पोरखेळच. पहिले बक्षीस एक हजार फ्रँक आम्ही देऊ. असा त्या पत्राचा मथितार्थ. हजार फ्रँक म्हणजे त्या काळच्या खाणकामगाराची सुमारे सात महिन्यांची मजुरी. ज्या शर्यतीच्या नावाने पुढे इतकी भावगर्भ भाषा वापरली गेली, तिचा जन्म असा एका जाहिरातीच्या पोटी झाला. ही गोष्ट आम्ही कमीपणाची मानत नाही. पुष्कळ थोर संस्थांचे मूळ याहून हलक्या ठिकाणी सापडते.

वृत्तपत्राने वाट पाहून येण्यास व्हिक्टर ब्रेयर या आपल्या माणसास पाठविले. आमियाँपर्यंत तो मोटारीतून आरामात गेला; पुढचा मार्ग त्याने सायकलीवर, वाऱ्यापावसात, आणि फरसबंदीच्या दगडांवर हाडे खिळखिळी करून घेत काटला. रुबेस पोहोचला तेव्हा तो गारठलेला व चिखलाने भरलेला होता, आणि अशा रस्त्यावर माणसांना शर्यतीस धाडणे हा अमानुषपणा आहे, तेव्हा बेत रद्द करा, अशी तार ठोकण्याचा त्याचा निश्चय झाला होता. संध्याकाळी यजमानांनी त्यास पोटभर जेवू घातले, दोन घोट पाजले, आणि तार राहिली. जगातील पुष्कळ क्रूर बेत उत्तम जेवणानंतर माणसाला इतके क्रूर वाटेनासे होतात.

धर्ममार्तंडही स्वस्थ नव्हते. ईस्टरच्या पवित्र दिवशी ही शर्यत होणार, मग स्वारांनी व बघ्यांनी प्रार्थनेस जावे केव्हा, असा आक्षेप निघाला आणि रुबेत तिच्याविरुद्ध पत्रके वाटली गेली. स्वारांसाठी पहाटे चार वाजता निघण्याच्या जागेजवळच्या एका चॅपेलात प्रार्थना ठेवू, असे चालकांनी कबूल केल्याची आख्यायिका आहे. इतक्या पहाटे कोण येणार म्हणून ती प्रार्थनाही बारगळली, असे त्याच आख्यायिकेचे उत्तरार्ध सांगते. पंचांग मात्र सरळ आहे. १८९६ साली ईस्टर ५ एप्रिलला होता आणि शर्यत झाली ती १९ एप्रिलला.

नावे दिलेल्यांपैकी निम्मे लोक त्या दिवशी आलेच नाहीत. न आलेल्यांत आंरी देग्रांज हा एक होता, ज्याने पुढे १९०३ साली ‘टूर द फ्रान्स’ सुरू केली. पॅरिसच्या मायो वेशीपासून जे निघाले त्यांत योसेफ फिशर हा जर्मन पहिला आला. ताशी सरासरी ३० किलोमीटरांहून किंचित अधिक. त्याच्यानंतर तासाभरात फक्त चौघे पोहोचले. तिसरा आलेला मोरिस गारँ हा रुबेकरांचा लाडका. हा इटलीतील आओस्ताच्या दरीत जन्मलेला, लहानपणी धुराडी साफ करणारा पोऱ्या. मोठेपणी त्याने रुबेत सायकलींचे दुकान घातले होते. पुढील दोन्ही वर्षी तो पहिला आला, आणि पहिली टूरही त्यानेच जिंकली. गिरणीमालकाने बांधलेल्या पटांगणात धुराडी झाडणाऱ्या पोराने मुकुट मिळवावा, हे पाहून रुबेच्या बाकांवरील मजुरांना काय वाटले असेल, याची कल्पना करण्यास फार प्रतिभा लागत नाही.

आता त्या रस्त्याविषयी. आज ज्या फरसबंदीचे एवढे कौतुक होते, ती त्या वेळी कोणासही विशेष वाटत नव्हती. उत्तर फ्रान्सची जमीन चिकण मातीची. पावसाळी दिवसांत बिटाने किंवा कोळशाने भरलेली गाडी साध्या रस्त्यात आसापर्यंत रुतावयाची. म्हणून वाळूच्या थरावर घडीव दगड एकमेकांस खेटून बसवीत. त्याला तिकडे ‘पाव्हे’ म्हणतात. मधोमध रस्ता कासवाच्या पाठीसारखा फुगलेला, दोन्ही कडांस उतार. चाकांच्या लोखंडी धावेखाली दगड झिजत, खचत. मधल्या फटी रुंद होत. बैलघोड्यांस यात अडचण नव्हती. बारीक चाकाच्या सायकलीस मात्र प्रत्येक दगड हा स्वतंत्र धक्का. जाणता स्वार यावर दोन उपाय करी: एक, कडेची पायवाट सापडेल तेथे तीवर चढणे, आणि दुसरा, ती न सापडल्यास वेग न सोडणे. वेग सोडला की चाक फटीत शिरते, हे आजही तितकेच खरे आहे.

अशा रीतीने अठरा वर्षे गेली. १९०९, १९१० आणि १९११ अशी लागोपाठ तीन वर्षे ओक्ताव्ह लापीझ जिंकला. १९१३ मध्ये फ्रान्स्वा फाबेर. १९१२ व १९१४ मध्ये शार्ल क्रुपलाँ, जो रुबेला लागून असलेल्या वात्रलो गावचा. १९१४ च्या ऑक्टोबरात रुबे आणि लील ही दोन्ही शहरे जर्मनांच्या हाती पडली ती थेट चार वर्षांनी सुटली. ज्या मुलखातून शर्यत जात होती त्याच मुलखातून युद्धाची आघाडी गेली.

येथे आपल्या वाचकांना जवळची अशी एक गोष्ट सांगितली पाहिजे. लीलच्या पश्चिमेस थोड्याच अंतरावर नव्ह शापेल नावाचे खेडे आहे. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्या गावावर हल्ला केला तो ४७ व्या शीख पलटणीने आणि पुण्याजवळ खडकीस ठाणे असलेल्या बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्सच्या २० व २१ या दोन कंपन्यांनी. सुरुंग लावणारे, पूल बांधणारे हे कसबी लोक. त्यांना पायदळासारखे संगिनी घेऊन घराघरांतून लढावे लागले, आणि त्यांतील फार थोडे धड परतले. १९२७ साली तेथे उभारलेल्या स्मारकावर हिंदी सैनिकांची चार हजार सातशेंहून अधिक नावे आहेत. पॅरिस–रुबेच्या इतिहासात ही नावे येत नाहीत, येण्याचे कारणही नाही. पण त्या मातीस पुढे जे नाव मिळाले ते कशामुळे, हे समजण्यास ती ठाऊक असणे बरे.

फाबेर परकीय पलटणीत भरती झाला होता. ९ मे १९१५ रोजी आर्त्वाच्या लढाईत तो पडला. लापीझ वैमानिक झाला आणि १४ जुलै १९१७ रोजी, फ्रान्सच्या राष्ट्रीय सणाच्या दिवशी, त्याचे विमान पाडले गेले. १९०९ ते १९१४ या सहा शर्यतींचे विजेते तीनच. त्यांपैकी दोघे असे गेले. तिसऱ्याची, क्रुपलाँची, हकीकत पुढे येईल.

युद्ध थांबले तेव्हा ‘लोतो’ या पत्राच्या चालकांना ही शर्यत पुन्हा भरवावयाची होती; पण मार्ग उरला आहे की नाही, हेच कोणास माहीत नव्हते. म्हणून १९१९ च्या आरंभी पत्राचा एक बातमीदार आणि युजेन क्रिस्तोफ हा नाणावलेला स्वार असे दोघे तो पाहण्यास मोटारीने निघाले. दुलाँपर्यंत ठीक होते. त्यापुढे आरासच्या बाजूस झाडे नव्हती, फक्त खुंट होते. गावे नव्हती, विटांचे ढीग होते. सडलेल्या जनावरांची दुर्गंधी हवेत भरली होती, आणि जिकडे तिकडे खड्डे व क्रूस. या पाहणीच्या वृत्तांतापासून ‘उत्तरेचा नरक’ हा शब्द या शर्यतीस चिकटला. आज तो उच्चारणाऱ्या बहुतेकांच्या मनात दगड, धूळ आणि फुटलेली चाके असतात. मूळ शब्द दगडांसाठी नव्हताच. तो माणसांनी माणसांचे जे केले त्यासाठी होता. शब्दाचा अर्थ असा घसरत घसरत खेळावर येऊन थांबावा, यात आम्हांस थोडी कृतघ्नता दिसते. मात्र विसरण्याची माणसाची शक्ती हीदेखील त्याच्या जगण्याचीच एक सोय आहे, हे नाकारता येत नाही.

त्या वर्षी ईस्टरच्या रविवारी, २० एप्रिलला, आंरी पेलिसिए जिंकला. त्यास सव्वाबारा तास लागले. सरासरी ताशी २३ किलोमीटरांचीही भरली नाही. फिशरच्या काळाहून ही गती कितीतरी मंद. ही शर्यत नव्हतीच, यात्रा होती, असे उद्गार पेलिसिएच्या तोंडी घातलेले आढळतात. त्याचे ते असोत वा नसोत, त्या बारा तासांना ते शोभतात.

दोन युद्धांमधील काळ आम्ही येथे ओलांडून जातो. १९४९ सालची एक मौज तेवढी सांगण्याजोगी आहे. त्या वर्षी पुढे निसटलेले तिघे व्हेलोड्रोमपाशी आले असता त्यांना चुकीची वाट दाखविण्यात आली. ते भलत्याच दाराने आत शिरले आणि त्यांत आंद्रे माए पहिला आला. मागाहून आलेल्या मोठ्या घोळक्यात सेर्से कोप्पी पहिला आला. सेर्से हा थोर फाउस्तो कोप्पीचा भाऊ. भावाच्या आग्रहावरून तक्रार झाली, सहासात महिने वाद चालला, आणि शेवटी नोव्हेंबरात दोघांनाही विजेते ठरविण्यात आले.

दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र रस्त्यावर खरे संकट आले, आणि ते संकट म्हणजे सुधारणा. देश श्रीमंत होत होता, मोटारी वाढत होत्या, आणि गावोगावचे नगराध्यक्ष आपापल्या हद्दीत डांबर घालीत होते. त्यांना दोष कोण देईल? शेतकऱ्याची गाडी, डॉक्टरची मोटार, बाळंतिणीला नेणारी रुग्णवाहिका यांना गुळगुळीत रस्ता हवा होता. त्यातही शर्यतीच्या दिवशी साऱ्या देशाच्या डोळ्यांपुढे आपलीच वेस मागासलेली दिसावी, याची त्यांना लाज वाटे. परिणाम असा की सातव्या दशकाच्या मध्यास वाटेवर फरसबंदी वीस-बावीस किलोमीटरच राहिली. १९६७ साली पंधराएक जणांचा घोळका एकत्रच रुबेत शिरला आणि त्यातून यान यान्सेन वेगाच्या जोरावर जिंकला. चालकांनी ओळखले की रस्ता सुधारला तर शर्यत मरते.

तेव्हा आल्बेर बुव्हे या माजी स्वारास वाईट रस्ते शोधण्याच्या कामगिरीवर पाठविण्यात आले. असा हुद्दा जगात दुसरा क्वचितच निर्माण झाला असेल. बुव्हेने वाट विचारली ती झाँ स्ताब्लिन्स्कीस. हा पोलंडहून आलेल्या कुटुंबातला; बाप लहानपणीच गेला, म्हणून चौदाव्या वर्षापासून कोळशाच्या खाणीत उतरलेला; आणि पुढे सायकलीच्या बळावर १९६२ साली जगज्जेता झालेला. त्याने आरेनबर्गजवळच्या रानातली एक सरळसोट दगडी वाट सांगितली. सुमारे अडीच किलोमीटर लांब, दोहों बाजूंस झाडी, ऊन न पोहोचल्यामुळे दगडांवर शेवाळ. ती वाट त्याला ठाऊक होती, कारण तिच्याच खाली त्याने कोळसा खणला होता. तिची छायाचित्रे पाहून शर्यतीचे प्रमुख झाक गोदे चपापले; आपण फरसबंदी मागितली होती, दलदल नव्हे, असे ते म्हणाल्याचे सांगतात. पण १९६८ च्या शर्यतीत ती वाट आली, आणि त्या वर्षी एडी मेर्क्स जिंकला. त्या वाटेच्या जमिनीखाली राबून पुढे तिच्यावरून शर्यतीत धावलेला एकटा स्ताब्लिन्स्कीच, असे तिकडे अभिमानाने सांगतात. २००७ साली तो गेला; वाटेच्या तोंडाशी त्याचे स्मारक आहे. खाण १९८९ मध्येच बंद झाली होती.

येथून पुढे वारे फिरले. ज्या दगडांची लाज वाटत होती ते एकाएकी दुर्मिळ झाले, आणि दुर्मिळ झाल्याबरोबर मोलाचे. १९८३ साली ‘पॅरिस–रुबेचे मित्र’ नावाची मंडळी स्थापन झाली. हे लोक निसटलेले दगड पुन्हा बसवितात, शिरलेले पाणी काढून देतात, नवे जुने तुकडे हुडकतात. बागाईतीच्या शाळांतील मुले त्यांच्या हाताखाली हे विसरलेले कसब शिकतात. आठवण म्हणून दगड चोरून नेणारे भक्तही आहेत, त्यामुळे काम संपत नाही. या मंडळींचा प्रश्न मोठा नाजूक आहे. रस्ता फार चांगला होऊन चालत नाही, आणि फार वाईटही होऊन चालत नाही. वाईटपणा राखण्यालाही एक माप लागते. १९६६ साली निघण्याची जागा पॅरिसहून शांतियीस गेली आणि १९७७ पासून ती कॉम्पिएनला आहे. म्हणजे नावातील पॅरिसही आता नावापुरतेच. हल्ली एकूण अंतर सुमारे २६० किलोमीटर आणि त्यांत फरसबंदी तीसएक तुकड्यांत मिळून ५५ किलोमीटरांच्या आसपास. २०२४ साली माथ्यू व्हान डेर पूलने हे अंतर ताशी जवळजवळ ४८ किलोमीटरांच्या सरासरीने तोडले. २०२१ च्या ऑक्टोबरात स्त्रियांची पॅरिस–रुबे प्रथमच झाली आणि लिझी डीग्नन ही इंग्रज बाई चिखलातून एकटीच पुढे येऊन जिंकली. सव्वाशे वर्षे या दगडांना स्त्रियांच्या अंगी सोसण्याची शक्ती नाही असे वाटत होते की चालकांना, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

येवढे सांगितल्यावर एक शंका मनात आल्यावाचून राहत नाही. दुसऱ्याने सोसलेल्या कष्टाचे कौतुक करणे फार सोपे असते. १९९८ साली आरेनबर्गच्या वाटेवर योहान म्युसेऊव पडला, त्याच्या गुडघ्याची वाटी फुटली, जखम चिघळली आणि पाय तोडावा लागतो की काय अशी पाळी आली. दोन वर्षांनी त्याच शर्यतीत तो जिंकला आणि शेवटची रेषा ओलांडताना त्याने बोटाने आपला गुडघा दाखविला. प्रेक्षकांनी टाळ्या वाजविल्या; आम्हीही वाजविल्या असत्या. उलट १९८१ साली जिंकलेला बेर्नार इनो या शर्यतीविषयी आपला तिरस्कार उघड बोलून दाखवी, आणि जिंकून दाखविल्यामुळे त्यास भित्रा म्हणण्याची सोय उरली नाही. आमचा कल इनोकडे आहे असे नाही. पण हे दगड जपण्याच्या योग्यतेचे असतील तर ते स्वारांची हाडे मोडतात म्हणून नव्हेत. त्यांच्यावरून कोळसा गेला, बीट गेले, पलटणी गेल्या, आणि तो सगळा काळ डांबराखाली बुजून गेला असताना या पन्नासएक किलोमीटरांत तो अजून हाताला लागतो, म्हणून.

क्रुपलाँविषयी सांगावयाचे राहिले. युद्धात त्याने शौर्याचे पदक मिळविले. पण १९१७ साली एका किरकोळ गुन्ह्यासाठी त्यास शिक्षा झाली आणि सायकल संघाने त्यास जन्मभर बंदी घातली. त्या बंदीमागे त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचा हात होता असा प्रवाद आहे. लापीझ आणि फाबेर यांची नावे हुतात्म्यांत गेली. हा मात्र जिवंत राहिला आणि विसरला गेला. १९५५ साली रुबेतच तो मेला तेव्हा तो आंधळा होता आणि त्याचे दोन्ही पाय कापलेले होते. आज व्हेलोड्रोममध्ये शिरण्यापूर्वी रस्त्यावर जो शेवटचा फरसबंदीचा तुकडा लागतो त्यास त्याचे नाव आहे. १९९६ साली, शर्यतीस शंभर वर्षे झाली तेव्हा, तो मुद्दाम घातला. लांबी तीनशे मीटर. त्यात अधूनमधून विजेत्यांची नावे कोरलेले दगड बसविले आहेत. हा तुकडा चांगला सपाट आहे; येथे कोणाचे चाक सहसा फुटत नाही, आणि येथपर्यंत पुढे आलेल्या स्वाराची मान वर होऊन नजर व्हेलोड्रोमच्या दाराकडे लागलेली असते.